दुखणे अंगावर काढणारे जनावर

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही पशुवैद्यकीय दवाखान्याच्या ओसरीवर सकाळच्या दोन घटका बसून राहिले, तर एकच वाक्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून पुनःपुन्हा कानी पडते : काल संध्याकाळपर्यंत शेळी चांगली होती, रात्रीतून एकाएकी बसली. सांगणारे माणूस खोटे बोलत नसते. त्याने जे पाहिले तेच ते सांगत असते. परंतु डॉक्टरांनी घाई न करता कैफियत घ्यावयास आरंभ केला आणि, "मावशी, कालचं राहू द्या, त्याच्या आधी रानातून येताना ती कळपात कुठं असायची?" असे विचारले, म्हणजे मावशी जराशा थांबतात आणि म्हणतात, "तशी चार दिसांपासनं मागंच राहत होती बघा. पण गाभण हाय, जड झाली आसंल म्हनलं." आजाराचा खरा आरंभ त्या चार दिवसांपूर्वीच्या मागे राहण्यात असतो. तो दिसलेलाही असतो. फक्त त्याला आजार म्हणून ओळखलेले नसते. दिसणे आणि ओळखणे यांमधील हे जे अंतर, ते या जिल्ह्याच्या स्वतःच्या जनावराच्या, म्हणजे उस्मानाबादी शेळीच्या, आधाराने या प्रकरणात शक्य तितके कमी करावयाचे आहे.

मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेले जिल्ह्याचे नाव २०२३ साली सरकारदप्तरी बदलून धाराशिव झाले. शेळीच्या जातीचे नाव मात्र पशुशास्त्राच्या ग्रंथांत उस्मानाबादी असेच राहिले आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी उंचसखल केलेला, मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांत विभागलेला आणि पावसाची खात्री कोणीही देऊ नये असा हा मुलूख आहे. आणि तुळजापूर, भूम, परंडा, कळंब, उमरगा येथील माळरानांवर, तसेच शेजारच्या लातूर, सोलापूर, बीड या जिल्ह्यांत ही जात पिढ्यान्पिढ्या घडली आहे. रंग बहुधा काळाभोर, कान मध्यम लांबीचे व खाली झुकलेले, बोकडांना बहुतेक शिंगे, माद्यांपैकी पुष्कळ बोडक्या, प्रौढ मादीचे वजन साधारण तीस-बत्तीस किलो, असे तिचे वर्णन करता येईल. या जातीचे संवर्धन करणारे एक सरकारी प्रक्षेत्र तुळजापूर तालुक्यातील तीर्थ या गावी आहे, आणि ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या अखत्यारीत येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होत्या. परंतु ज्या घरी चारच शेळ्या आहेत, त्या घरी या कोटींचा अर्थ फारसा उरत नाही. तेथे एक शेळी दगावणे म्हणजे मुलीची शाळेची फी, पेरणीचे बियाणे किंवा दवाखान्याचा खर्च हातचा जाणे होय.

या जातीची सर्वांत मोठी कीर्ती तिच्या जुळ्यांची आहे. दोन करडे होणे ही येथे नित्याची गोष्ट, तीन होणेही अपूर्व नव्हे. हाच गुण तिला बाजारात मोल देतो, आणि हाच गुण तिच्या जिवावरही बेततो. त्याचे विवेचन पुढे सविस्तर येईल.

शेळी ही मूळची कळपातली आणि शिकारीच्या धाकात वाढलेली जात. रानात जे जनावर लंगडते, मागे पडते किंवा मान खाली घालून उभे राहते, त्याच्याकडे लांडग्याची दृष्टी आधी वळते. म्हणून हजारो वर्षांच्या निवडीतून अशीच जनावरे तगली, की जी दुखणे दाखवीत नाहीत. माणूस घरात आजारपण अंगावर काढतो तो कर्तव्यबुद्धीने किंवा संकोचाने. शेळी ते काढते ती तिच्या रक्तातील शिरस्त्याने. परिणामतः आपल्यासमोर आजार उघडपणे येतो तेव्हा लपविण्याची शक्तीच संपलेली असते, आणि 'एकाएकी बसली' या शब्दांनी आपण ज्या क्षणाची नोंद करतो तो बहुतेक वेळा आजाराचा शेवटचा टप्पा असतो.

जी लक्षणे ऋतूच्या किंवा वयाच्या नावावर सहज खपून जातात ती सर्वांत फसवी, हे समजून घेण्यासाठी थोडे दूर जाऊन एका परदेशी प्राण्याचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. फेरेट नावाचा मुंगसाएवढ्या आकाराचा, लांबट अंगाचा प्राणी युरोप-अमेरिकेत हौसेने घरात पाळतात. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. वयाची तीन-चार वर्षे उलटली, की त्याच्या मूत्रपिंडांलगत असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना एक विकार जडतो आणि तो त्या जातीत पुष्कळ आढळतो. त्याचे पहिले चिन्ह इतके साधे असते, की शेपटीच्या मुळाशी केस विरळ होतात. वसंतऋतूत केस गळणे हे त्या प्राण्याच्या स्वभावातच असल्यामुळे धनी निश्चिंत राहतो. शरद ऋतूत केस परत येतात आणि त्याची निश्चिंती दृढ होते. पुढल्या वर्षी केस कमरेपर्यंत जातात, दोन्ही बाजूंनी सारखेच जातात, आणि या वेळी परत येत नाहीत. मादीची योनी ऋतूवर आल्यासारखी सुजते. खच्ची केलेला नर पुन्हा माजावर आल्याप्रमाणे वागू लागतो आणि मूत्रमार्गाभोवतालची ग्रंथी वाढल्याने लघवीसाठी कुंथू लागतो. यामागचे कारण मोठे उद्बोधक आहे. शरीरात जननग्रंथी असतात तोवर त्यांच्या स्रावांचा मेंदूवर एक प्रकारचा अंकुश असतो. त्या ग्रंथी, विशेषतः लहान वयातच, काढून टाकल्या, की अंकुश सुटतो, मेंदूतील पोष ग्रंथी आपला उत्तेजक हुकूम अव्याहत पाठवीत राहते, आणि तो हुकूम घ्यावयास जननग्रंथी नसल्यामुळे अधिवृक्क ग्रंथी तो उचलते, वाढू लागते, लैंगिक स्राव निर्माण करू लागते आणि अखेरीस तीत गाठ होते. शस्त्रक्रियेने किंवा कातडीखाली बसविलेल्या औषधी कणीने यावर पुष्कळसा इलाज होतो. परंतु तो वेळेवर होण्यासाठी शेपटीच्या मुळाकडे कोणीतरी नीट पाहिलेले असावे लागते.

आता आपल्या काळ्या शेळीच्या शेपटीकडे वळू. अधिवृक्क ग्रंथीचा तो विकार आपल्या शेळीच्या नित्याच्या दुखण्यांपैकी नव्हे. परंतु तिच्याही केसांत एक मजकूर लिहिलेला असतो. काळा रंग ज्या रंगद्रव्यामुळे येतो ते तयार होण्यास तांब्याचा अंश असलेले एक विकर लागते. चाऱ्यातून तांबे कमी पडले, किंवा पाण्यातील लोह-गंधकामुळे ते अंगी लागेनासे झाले, म्हणजे काळीभोर शेळी हळूहळू तांबूस, गंजल्यासारखी दिसू लागते, केस राठ होतात, आणि शेपटीच्या टोकाचे केस झडून टोक दुभंगलेले दिसते. उन्हानेही केसांची टोके थोडी भाजतात, हे खरे. म्हणून केवळ पाठीवरचा रंग पाहून निर्णय करू नये. मांडीच्या आतल्या बाजूचे, उन्ह न लागणारे केस दुपारच्या उजेडात पाहावेत, केसांच्या मुळाशी रंग कसा आहे ते पाहावे, आणि मग शेपटीचे टोक तपासावे. तिन्ही ठिकाणी एकच साक्ष मिळाली तर शंकेला आधार आहे असे समजावे. अशा कळपात करडे जन्मतःच मागच्या पायांनी लुळी निघाली, तर प्रकरण निकडीचे झाले. यावर स्वतःच्या मनाने मोरचूद पाजण्याचा जो प्रकार कोठे कोठे चालतो तो मात्र सर्वथा टाळावा. तांब्याची कमतरता आणि तांब्याची विषबाधा यांत अंतर थोडे असते, आणि शेळ्यांबरोबर मेंढ्याही असतील तर त्या बिचाऱ्या त्याहून लवकर बळी पडतात. चांगले खनिज मिश्रण रोजच्या आंबोणात घालणे आणि मात्रा डॉक्टरांना विचारणे, एवढेच आपल्या हाती ठेवावे.

पावसाळ्यातील दुखण्याची जागा वेगळी आहे. ती पापणीच्या आत आहे. मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा झाला, की शेळीच्या चौथ्या पोटात राहणाऱ्या एका रक्तपिपासू गोलकृमीला सुगी येते. त्याची मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. ती लेंड्यांतून जमिनीवर पडतात, उष्ण व ओलसर हवेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या होतात आणि दवाने भिजलेल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. त्या फार उंच चढत नाहीत, जेमतेम चार बोटे. म्हणूनच जी शेळी बोरी-बाभळीचा, शेवरीचा, लिंबाचा पाला मान वर करून ओरबाडते ती पुष्कळशी बचावते, आणि जिला मोकळे रान न मिळाल्याने बांधावरचे खुरटे गवत जमिनीलगत खावे लागते ती सापडते. पोटातील मुक्कामात हे कृमी तिचे रक्त थेंबाथेंबाने शोषून घेतात. या दुखण्यात हगवण बहुधा लागत नाही, आणि हेच त्याचे कपट. कारण लेंड्या घट्ट आहेत तोवर पोट चांगले आहे, अशी आपली समजूत असते.

दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस यावर एक अत्यंत सोपी तपासणी रूढ केली आणि ती तेथील एका वैद्याच्या नावावरून फमाचा या नावाने जगभर गेली. शेळीला भिंतीशी उभी करावी, सावलीत नव्हे, उजेडात. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावरून अलगद खाली आणून बुबुळावर किंचित दाब द्यावा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढावी. म्हणजे तिच्या आतील ओलसर पडदा क्षणभर बाहेर उमलतो. तो लालबुंद असेल तर चिंता नाही. गुलाबी असेल तर पंधरवड्याने पुन्हा पाहावे. फिकट गुलाबी दिसला तर सावध व्हावे, विशेषतः शेळी गाभण, दुभती किंवा अशक्त असेल तर. पांढुरका दिसला तर औषधाला उद्यावर टाकू नये. आणि कागदासारखा पांढरा दिसला तर त्या शेळीला रानात चालविणेही धोक्याचे, कारण चालण्यापुरता प्राणवायू वाहून नेण्याइतकेही रक्त तिच्यात उरलेले नसते. पाहण्यास क्षणभराहून अधिक वेळ घेऊ नये, कारण पापणी फार वेळ ओढून धरली की ती आपोआप लाल होते. आणि डोळे आलेले असतील किंवा धुळीने चुरचुरत असतील तर ही परीक्षा फसते, हेही ध्यानात ठेवावे. याच दुखण्याचे दुसरे चिन्ह जबड्याखाली दिसते. रक्तातील प्रथिने घटल्याने पाणी झिरपून तेथे मऊ फुगवटा येतो. दिवसभर मान खाली घालून चरल्यानंतर तो संध्याकाळी ठळक होतो आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर ओसरतो. सकाळी दावणीला पाहणाऱ्याला तो दिसत नाही; संध्याकाळी दारात उभे राहून कळप आत घेणाऱ्यालाच तो दिसतो.

सर्व शेळ्यांना दरमहा सरसकट जंताचे औषध पाजण्याची जी पद्धत पडली आहे ती मला घातक वाटते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. सरसकट औषधाने दुबळे कृमी मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. काही वर्षांत कळपात केवळ त्यांचेच राज्य होते आणि दुकानातील कोणतीही बाटली उपयोगी पडत नाही. पापणी पाहून, ज्यांना गरज आहे त्यांनाच, वजनाप्रमाणे पुरती मात्रा द्यावी. ही पापणीची परीक्षा केवळ या रक्तशोषक कृमीपुरती आहे. ओढ्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांना होणाऱ्या यकृतकृमींची किंवा करडांच्या पट्टकृमींची खातरजमा लेंड्यांच्या तपासणीनेच होते, आणि ती तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात करून घेता येते.

नराच्या बाबतीत एक लक्षण इतके हटकून चुकीचे वाचले जाते, की त्याचा निराळा उल्लेख केला पाहिजे. बकरी ईदच्या बाजारासाठी पोसलेला खच्ची बोकड मका, गहू, भरडा यांवर वाढविलेला असतो. एके दिवशी तो पाय फाकून, पाठ वाकवून कुंथू लागतो, शेपूट हलवतो, पोटाकडे वळून पाहतो. आणि घरातले म्हणतात, याला बद्धकोष्ठ झाले, तेल पाजा. वस्तुतः लेंड्या सुटत असतात. अडलेली असते ती लघवी. धान्याच्या अतिरेकाने मूत्रात खडे धरतात, आणि फार लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनलिका पुरती रुंद झालेली नसल्यामुळे ते खडे तिच्यात अडकतात. फेरेटच्या त्या कुंथणाऱ्या नराची येथे आठवण व्हावी: शरीरशास्त्र निराळे, कारणपरंपरा निराळी, परंतु लवकर केलेल्या खच्चीकरणाची किंमत उशिरा मोजली जाणे आणि ती मूत्रमार्गातच मोजली जाणे, हे दोन्हीकडे सारखे. येथे सूक्ष्म खूण अशी, की शिश्नाच्या टोकाशी असलेल्या केसांना बोटांनी चोळून पाहिले असता त्यांवर रेतीसारखे बारीक कण लागतात, आणि ते बोकड कुंथू लागण्याच्या कित्येक दिवस आधीपासून तेथे असतात. ते आढळले तर धान्य कमी करावे, पाणी मुबलक ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लघवी पूर्ण बंद झाल्यावर मुदत फार तर एक-दोन दिवसांची असते; मूत्राशय फुटले, की बोकड थोडा वेळ शांत होतो, आणि त्या शांततेला लोक बरे वाटणे समजतात.

काही दुखणी खरोखरच एकाएकी येतात, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. आंत्रविषारात सर्वांत धष्टपुष्ट करडूच सकाळी मरून पडलेले आढळते आणि आदल्या दिवशी पाहण्याजोगे काहीही नसते. त्यावर पावसाळ्यापूर्वीची लस हाच बंदोबस्त. पीपीआर हा साथीचा ताप १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम नोंदला गेला आणि १९८७ साली तमिळनाडूत भारतातील त्याची पहिली नोंद झाली. २०११ साली जगातून कायमचे निर्मूलन झालेल्या बुळकांडीच्या कुळातलाच हा विषाणू. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण असा त्याचा क्रम असतो. परंतु त्याच्या एक-दोन दिवस आधी शेळी चारा टाकते आणि ताप चढतो. शेळीचे तापमान एरवीच १०२ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. १०५ च्या पुढे काटा गेला, की त्या शेळीला कळपातून वेगळी बांधावी. दीडदोनशे रुपयांचा तापमापक ज्या घरी आहे त्या घराला हे कळते. हाताने कान चाचपून ते कळत नाही.

आता गाभण शेळी. या जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर सूक्ष्म लक्षणे ओळखण्याची विद्या जर एकाच ठिकाणी लावावयाची असेल तर ती येथेच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा. परंतु करडांच्या वजनाचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. ज्या शेळीच्या पोटात जुळी आहेत तिची अन्नाची गरज या काळात जवळजवळ दुपटीकडे जाते, आणि नेमक्या त्याच काळात वाढत्या गर्भाशयाने कोठीपोट दाबले गेल्यामुळे तिला एका वेळी कमीच खाता येते. आवक घटली आणि खर्च वाढला, तर घरातले किडूकमिडूक मोडावे लागते, त्याप्रमाणे ती अंगावरची चरबी मोडू लागते. ती चरबी यकृतात येऊन साठते, यकृत ती पुरती जाळू शकत नाही, आणि अर्धवट जळालेले आम्लद्रव्य रक्तात पसरते. हीच गर्भविषबाधा. एकच करडू असलेल्या शेळीला ती सहसा होत नाही. जुळ्या-तिळ्यांची खाण असलेल्या उस्मानाबादी शेळीला तिचे भय सदैव असते. आश्विन-कार्तिकात फळलेल्या शेळ्या फाल्गुन-चैत्रात वितात. म्हणजे त्यांचे शेवटचे सहा आठवडे माळ उघडाबोडका पडलेल्या, कडब्याचे भाव चढलेल्या आणि पाण्याचे टँकर सुरू होऊ घातलेल्या दिवसांत येतात. दुष्काळी सालांत हे दुखणे घरोघर शिरते, आणि ते शेळी 'व्यायला आली असताना गेली' या शब्दांत गावाच्या स्मरणात राहते.

याची चाल पायरीपायरीची असते. पहिल्या पायरीला शेळी फक्त क्रम बदलते: जी दारात सर्वांआधी शिरत असे ती शेवटी शिरू लागते. मग ती आवड बदलते: आंबोणाला तोंड लावून सोडून देते, परंतु पाला खाते, दोन दिवसांनी पालाही हुंगून ठेवते. सकाळी सर्व उठल्या तरी ही बसून राहते आणि उठविल्यावर गुडघ्यांवर क्षणभर थांबून मग उठते. लेंड्या लहान, कोरड्या आणि संख्येने थोड्या होतात. पाय घोट्यापाशी किंचित सुजतात. रवंथाचा वेग मंदावतो: डाव्या भकाळीवर तळहात टेकवून दोन मिनिटे शांत उभे राहिले, तर निरोगी शेळीत आतून दोन-तीनदा लाट वर चढून आल्याचे हाताला स्पष्ट कळते, आणि हिच्यात दोन मिनिटांत एखादी, तीही अशक्त. येथपर्यंत सर्व काही 'जड झाली आहे' या एका समजुतीत बसते. पुढच्या पायरीला तिच्या श्वासाला जास्त पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागतो. सर्वांनाच तो वास येतो असे नाही, म्हणून घरातील दोघातिघांनी हुंगून पाहावे. ती रिकामी दात खाऊ लागते, कान फडफडतात, ओठांशी थरथर दिसते. त्यानंतर ती दिसेनासे झाल्याप्रमाणे भिंतीवर जाते, मान वर वळवून उभी राहते, आणि बसते. बसल्यानंतर ती वाचवणे डॉक्टरांच्या हाती फारसे राहत नाही. गोडसर वासाच्या आधी पकडली तर पुष्कळ राहते.

निश्चिती करण्यास एक साधन सहज मिळण्याजोगे आहे. मधुमेही माणसांच्या लघवीतील कीटोन तपासण्याच्या कागदी पट्ट्या तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतात. शेळी झोपून उठली, की बहुधा लगेच लघवी करते; त्या वेळी वाटी धरावी आणि पट्टी बुडवावी. ती जांभळी पडली तर शंका उरत नाही. गुळाचे पाणी पाजण्याचा उपाय प्रेमाने केला जातो, परंतु तो फसवा आहे. कोठीपोटातील सूक्ष्मजीव तो गूळ आंबवून टाकतात आणि रक्तात साखर म्हणून तो पोचतच नाही, शिवाय मान खाली टाकलेल्या शेळीला नाळीने पाजलेले पाणी फुफ्फुसात उतरण्याचे भय असते. डॉक्टर प्रॉपिलीन ग्लायकॉल तोंडावाटे आणि ग्लुकोज शिरेतून देतात, कॅल्शियमची उणीव असेल तर तीही भरतात, कारण ती उणीव हुबेहूब असेच सोंग घेते. आणि दिवस भरत आले असतील तर इंजेक्शनाने वीत लवकर घडवून आणण्याचा किंवा शस्त्रक्रियेने करडे काढण्याचा निर्णयही करतात, कारण गर्भाशय रिकामे झाले, की मागणीचे मूळच संपते. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पथक बोलावता येते. उमेद अभियानातील पशुसखी ज्या गावी आहे तेथे तिला आधी सांगावे. फोनवर काय सांगावयाचे हे तिला ठाऊक असते: फळल्याची तारीख, कितवे वेत, खाणे कधीपासून घटले, लेंड्या कशा आहेत, ताप किती.

यासाठी फळल्याची तारीख लिहून ठेवलेली असली पाहिजे, आणि तीच बहुतेक घरी नसते. शाळेच्या जुन्या वहीत, घरातील मुलाने का होईना, बोकड दाखविल्याचा दिवस टिपून ठेवावा आणि त्यापुढे शंभरावा दिवस कोणत्या तारखेला पडतो ते मांडून ठेवावे. त्या दिवशी शेळीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, बोटे टेकवून चाचपावे. मणक्याची टोके करवतीसारखी बोटांना टोचली तर ती रोड आहे. मुळीच लागली नाहीत तर ती बांधून ठेवून चारलेली, अतिपुष्ट आहे, आणि गर्भविषबाधेला दोघीही सारख्याच बळी पडतात. रोड असेल तर त्याच दिवसापासून भरडलेली ज्वारी-मका व पेंड यांचा खुराक थोडाथोडा चढवीत, एकाच वेळी न घालता दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावा, तुरीच्या भुशाबरोबर शेवरी-सुबाभळीचा पाला द्यावा. पुष्ट असेल तर खुराक एकाएकी तोडू नये, कारण त्या एका उपाशी दिवसानेच चरबी मोडावयास आरंभ होतो, तर तिला रोज चालवावी. शंभराव्या दिवशी असे पन्नास दिवस हाताशी असतात. एकशे चाळिसाव्या दिवशी ती दारात मागे राहिली, तर हाताशी उरतात दहा, आणि त्यांतला पहिला दिवस डॉक्टरांना बोलावण्यात घालवावा.